खांबावर माणूस आहे

माघ सरता सरता, रात्री सव्वादोनला
औशावर गारा पडल्या.
आधी एकच आवाज, कुणी स्लॅबवर खडा मारावा तसा.
मग दुसरा. मग मी मोजायचं सोडलं.
व्यंकटनं अंथरुणातूनच विचारलं, "पाट्यांवर काही टाकलंस का?"
काय टाकणार? घरात गोधड्या दोन,
एकीत सोनल, एकीत आम्ही.
सहा पाट्या वर उघड्याच होत्या,
दक्षिणेकडं तोंड करून, मान जराशी कलती,
जशा बसवल्या तशा.

साडेतीनला उपकेंद्रातून फोन.
आलमल्याच्या वाटेवर सात खांब आडवे.
त्यानं दोर घेतला, पक्कड घेतली, रबरी हातमोजे
दिव्याशी धरून, फुगवून, भोक आहे का बघितलं.
मी चहा टाकला होता.
तो तसाच राहिला.

सकाळी ऊन असं, की जणू काही झालंच नाही.
गच्चीच्या कोपऱ्यात गारांचा ढीग,
फुटक्या पोत्यातून खडेमीठ सांडावं तसा,
आणि त्यात एक मेलेलं पाखरू, सोनलला दिसायच्या आत मी उचललेलं.
नऊला जिलानी आला. त्यानंच बसवलेल्या या पाट्या.
बोटाच्या पेरानं एकेक ठोकत गेला,
बाजारात टरबूज पारखावं तसा कान देऊन.
चौथीपाशी थांबला.
काचेत एका ठिपक्यातून निघालेलं जाळं, पार कडेपर्यंत.
"हिला लागलंय," म्हणाला, "पण चालंल. थोडं कमी दील.
आत पाणी गेलं तर मग बघू."
मग पाना काढून सगळे नट आवळले.
"वारं काचंला खात नाही, वहिनी. ढिल्या नटाला खातं."

एवढं झालं, पण खाली मशीन सुरू होईना.
शनिवारी थोरल्या आळीत लग्न,
अकरा साड्यांचा पिको-फॉल माझ्याकडं,
आणि भिंतीवरच्या पेटीत लाल दिवा.
चंद्रकलाबाई कठड्यावरून म्हणाल्या,
"एवढा पैसा घातलाव, अन् भर उन्हात अंधार?"
माझ्याकडं उत्तर नव्हतं. मी जिलानीवरच डाफरले.
तो पान्याची धार पुसत म्हणाला,
"लाईन मेली की हे पण मरतंय. मुद्दामच केलंय तसं.
नाहीतर तुमच्या गच्चीवरली वीज
उलटी जाईल तारेत,
अन् तिकडं खांबावर जो माणूस आसंल—"

पुढचं बोलला नाही.
पाना पिशवीत टाकला, उगाच पुन्हा काढला.

मी खाली आले.
सकाळपासून ज्याला मनातल्या मनात शिव्या दिल्या
त्या लाल दिव्याखाली पाट मांडला
आणि हातानं फॉल लावायला बसले.
एक साडी झाली. दुसरी अर्धी.
दिवा लुकलुकायचा, मी वर बघायची.
बाहेर ऊन वाया चाललं होतं, पाटीभर, सहा पाट्याभर,
कुणालाच नको असलेलं,
आणि मला ते तसंच वाया जायला हवं होतं.
बारा वाजता ढग आला तर उलट बरं वाटलं,
जरी ढगानं काही फरक पडत नाही हे ठाऊक होतं.

पावणेसहाला पंखा हलला.
शेजारी पोरं ओरडली, "आली!"
पेटी मात्र लगेच भुलली नाही.
ती थांबली, मोजत राहिली,
आलेली वीज खरंच टिकतीय का याची खात्री करत
मग हिरवी झाली.
तोवर ऊन लिंबामागं गेलेलं.
सहा पाट्या मिळून बारा वॅट. तडकलीसुद्धा धरून.

व्यंकट नऊला आला.
तळहातावर दोराचे वळ, पायात चिखल गुडघ्यापर्यंत.
जेवायला बसल्यावर पहिलं हेच विचारलं, "पाट्या?"
"एक तडकली," म्हटलं. "बाकी दिवसभर गप्प."
त्यानं भाकरी मोडली.
"गप्पच पाहिजेत," म्हणाला,
आणि मीठ मागितलं.